ग्राफिक एकशे बारा

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, "सिंगापूरच्या नोकरीतले गमतीदार अनुभव पाठवा. दिवाळीत वाचकांना जड काही नको असतं." पत्र मी दोनदा वाचलं. गमती आहेत. त्यातली एक आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी जबाबदारी संपली.

सिंगापूरच्या हौगांग भागात एक निवृत्त कारकून राहायचे. मधुमेहानं दृष्टी गेलेली. त्यांच्या फ्लॅटवर मी बोलणारा कॉम्प्युटर बसवून आले. आठवड्यानं त्यांचा फोन, "तुमचा माणूस उद्धट आहे. बदलून द्या." कुठला माणूस? तर मशीनमधला. कारकून पत्र टाईप करत असताना तो मध्येच बोलायचा, एकदाही 'प्लीज' म्हणायचा नाही, आणि चूक झाली की शेजाऱ्यांना कळेल इतक्या मोठ्यानं सांगायचा. मी जाऊन त्याचा आवाज कमी केला. त्यांची बायको भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "माझाही असाच कमी करता आला असता तर हा माणूस चाळीस वर्षं सुखी झाला असता, ला." तिथल्या बोलण्यात शेपटाला हा 'ला' असतोच.

झाली गंमत. आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते.

मी पिंपरीतल्या कामगार वस्तीत वाढले. वडील युनियनचं काम करायचे. गोष्टीच्या पुस्तकांआधी मी पत्रकं वाचली. संप, टाळेबंदी, मागण्या एक ते अकरा. सायक्लोस्टाईलच्या शाईनं बोटं काळी करून मी आणि आई घड्या घालायचो. वडिलांचा एक नियम होता. पत्रकात एक ओळ खोटी निघाली की उरलेल्या खऱ्या ओळी मालक त्याच एका ओळीत गुंडाळून कचऱ्यात टाकतो. म्हणून छापण्याआधी स्वतःच्या बाजूची चूक शोधायची. हा नियम मला तोंडपाठ होता. पाळायची वेळ आली तेव्हा काय झालं, ते पुढे येईलच.

कॉम्प्युटरची पदविका घेऊन, एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथला नोकरीचा परवाना, मिळवून मी सिंगापूरला आले ते नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर. आमची कंपनी म्हणजे मालक, मी आणि एक व्हॅन. अंध माणसांच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर बसवायचा, त्यांना शिकवायचं आणि बिघडला तर धावायचं, हा आमचा धंदा.

सुट्टीत पुण्याला आले की प्रत्येक जण विचारतो, "अगं, पण आंधळी माणसं कॉम्प्युटर चालवतात कशी? बटनांवर ब्रेल असतं का?" नसतं. तुम्ही टायपिंगच्या क्लासला गेला असाल तर खाली बघितलं म्हणून मास्तरांची पट्टी हातावर खाल्ली असेल. न बघता टाईप करणं हीच तर परीक्षा होती! अंध माणूस ती पहिल्या दिवसापासून देतो. एफ आणि जे या दोन बटनांवर बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागला की बाकीचा कीबोर्ड आपोआप सापडतो.

राहिला पडदा. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे स्क्रीन रीडर. आवाज येतो एका छोट्या डब्यातून. सरावलेली माणसं तो इतका जलद ठेवतात की तुमच्याआमच्या कानाला मिक्सर चालू असल्यासारखा वाटतो. विंडोजआधीच्या डॉसच्या काळात हे झकास चालायचं. पडद्यावर फक्त अक्षरं असायची आणि अक्षरांपुढे डोळस आणि अंध सारखेच होते.

मग चित्रं आली. जिथे 'सेव्ह' असा शब्द होता तिथे फ्लॉपीचं चित्र आलं, 'प्रिंट'च्या जागी प्रिंटरचं. चित्राला नाव नसतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं दिलं तरच असतं. आणि दिलं नसेल तर स्क्रीन रीडर बिचारा म्हणतो, ग्राफिक एक, ग्राफिक दोन, ग्राफिक तीन. औषधाच्या दुकानातल्या सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून रंग लावून ठेवावेत तसं. ज्याला रंग दिसतो त्याची सोय झाली. ज्याला दिसत नाही त्यानं काय, चाखून बघावं?

अशा वेळी मला बोलवायचे. मी एकेका चित्रावर जाऊन त्याला नाव टाईप करून द्यायची. मनातल्या मनात मी या कामाला बारसं म्हणायची. पुढच्या वेळी तेच चित्र आलं की मशीन ते नाव बोलायचं. मात्र चित्र तेच हवं, ठिपक्याला ठिपका जुळणारं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मिस लिम रॅफल्स प्लेसच्या एका विमा कंपनीत टेलिफोनवर काम करायच्या. वय चाळीसच्या आसपास, जन्मापासून अंध. कोणी ग्राहक फोन करायचा, पत्ता बदला, हप्त्याची तारीख सांगा, अपघात झालाय नोंद घ्या. त्यांच्या एका कानाला टेलिफोन, दुसऱ्या कानात स्क्रीन रीडरचा इयरफोन. ग्राहक डाव्या कानात रडत असायचा आणि त्याची पॉलिसी उजव्या कानात सांगितली जात असायची. दोन्ही ऐकून, टाईप करून, वर "आय अंडरस्टँड, सर" म्हणायचं. अकरा वर्षं त्या हे करत होत्या. पलीकडच्या माणसाला कधी कळलंही नाही की ही बाई बघू शकत नाही. त्याआधी त्या एका वर्कशॉपमध्ये वेताच्या टोपल्या विणायच्या. तिथल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं, अंधांना हेच जमतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांचा पडदा बंद होता. मी सवयीनं चालू केला.

"काय केलंस?" मिस लिम म्हणाल्या. त्यांना त्या बटनाचा खट आवाज आला होता.

"पडदा लावला."

"कोणासाठी?"

मी बंद केला. तेवढ्यात त्यांचे मॅनेजर मिस्टर टॅन आले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, हातात फाईल. काळा पडदा बघून मला म्हणाले, "मशीन बिघडलंय का?"

"नाही. त्या काम करतायत."

"काम चाललंय हे मला कसं दिसणार?"

मिस लिम फोनवरचं बोलणं संपवून म्हणाल्या, "मिस्टर टॅन, अकरा वर्षं झाली. अजून रोज हेच विचारता."

ते हसले नाहीत. वाईट माणूस नव्हते ते. ज्या गोष्टीचा कागद असतो तीच गोष्ट असते, अशा समजुतीचे होते. माझ्या अनुभवात वाईट माणसांपेक्षा अशा माणसांनी जास्त नोकऱ्या घालवल्या आहेत.

कंपनीत विंडोजवर चालणारा नवा प्रोग्रॅम येणार होता. टेलिफोनवरच्या सगळ्यांना प्रशिक्षणाचं पत्र मिळालं. मिस लिमना योग्यता चाचणीचं मिळालं. नीट वाचा. तोच प्रोग्रॅम, तेच काम, तेच टेबल. बाकीच्यांनी शिकायचं होतं आणि यांनी सिद्ध करायचं होतं. ठरलेल्या दिवशी शेजारच्या खोलीतून दहा खोटे ग्राहक फोन करणार. दहाच्या दहा नोंदी नीट झाल्या तर जागा राहील. नाही तर 'अन्य योग्य काम' दिलं जाईल. ते काय, हे पत्रात नव्हतं. मिस लिमनी विचारल्यावर मिस्टर टॅन म्हणाले, "टपाल विभागात पाकिटं बंद करायची असतात."

त्या मला एवढंच म्हणाल्या, "पाकिटं म्हणजे टोपल्याच, ला. फक्त कागदाच्या."

आमच्याकडे दोन आठवडे होते. प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीनं सरावासाठी एक प्रत पाठवली. उघडली आणि माझं डोकं फिरलं. शब्दांचा मेनू काढूनच टाकला होता. वर, डावीकडे, खाली, सगळीकडे चित्रं. एकालाही नाव नाही. प्रोग्रॅम लिहिताना एका चित्राला नाव द्यायला एक ओळ पुरते. ती एक ओळ त्यांच्याकडून टाईप झाली नव्हती आणि त्यापायी एका बाईला पाकिटं चिकटवावी लागणार होती.

मी दोन दिवस बसून बारसं केलं. चौसष्ट चित्रं. मग सराव सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत मी खालच्या हॉकर सेंटरमधून नूडल्स आणायची, त्या खाता खाता चित्रांची नावं घोकायच्या. तिसऱ्या दिवशी त्या माझ्यापेक्षा जलद झाल्या. मी माऊसनं बटन शोधेपर्यंत त्या तिथे पोचून परत आलेल्या असायच्या.

त्यांना मी एक नियम घालून दिला. "नाव नसलेल्या चित्राला हात लावायचा नाही. ते 'डिलीट' असू शकतं."

"बरं, मिस पुणे." त्या मला असंच म्हणायच्या.

सरावाच्या प्रतीत एक अडचण होती. तिच्यात माहिती बघता यायची, भरता यायची नाही. सहाव्या-सातव्या दिवशी मिस लिम म्हणाल्या, "एक खरी नोंद करून बघू या का? शेवटपर्यंत. भरायची आणि सेव्ह करायची."

त्यासाठी खऱ्या प्रोग्रॅमची परवानगी काढायला लागली असती, मिस्टर टॅनच्या फाईलमध्ये शिरायला लागलं असतं. मी म्हटलं, "सेव्हमध्ये काय बघायचंय? नाव दिलंय मी त्याला. समोर आहे. दिसतंय ना मला."

दिसतंय ना मला. अंध बाईला मी हे म्हणाले.

चाचणीचा दिवस. मिस्टर टॅन खुर्ची घेऊन बाजूला, हातात घड्याळ आणि तक्ता. मी मागे भिंतीशी. पडदा चालू ठेवायची त्यांची अट होती. पहिला फोन आला. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं ग्राहकाचं सोंग घेतलं होतं, पत्ता बदलायचा होता. वुडलँड्समधला नवा पत्ता तिनं मुद्दाम भरभर सांगितला. मिस लिमनी तो तिच्या बोलण्याबरोबरच टाईप केला. पॉलिसी क्रमांक, टेलिफोन, सगळं. अजून मुलगी "थँक यू" म्हणायची होती. मला नाचावंसं वाटलं.

मग त्या सेव्हकडे गेल्या आणि थांबल्या.

पुन्हा मागे गेल्या. पुन्हा आल्या. डब्याचा बारीक आवाजही चालू ठेवला होता, त्यात मला ऐकू आलं : ग्राफिक एकशे बारा.

मी पडद्याकडे बघितलं. फ्लॉपीचं चित्र जागच्या जागी होतं. मला ते दिसत होतं. मी त्याला माझ्या हातानं नाव दिलं होतं, आणि मशीन म्हणत होतं की याला मी ओळखत नाही.

"मिस्टर टॅन, एकशे बारा म्हणजे सेव्ह आहे का?" मिस लिमनी विचारलं.

"मदत नाही, प्लीज."

"सर, हे बटन..." मी पुढे झाले.

"मदत नाही."

टेलिफोनवरची मुलगी वाट बघत होती. मिस लिमचे हात कीबोर्डवर होते, हलत नव्हते. नाव नसलेल्या चित्राला हात लावायचा नाही. मिस्टर टॅननी तक्त्यावर फुली मारली. दुसरा फोन आला. तीच गत. दहा वेळा त्यांनी प्रत्येक शब्द बिनचूक टाईप केला आणि दहा वेळा तो हवेत सोडून दिला. त्याच मजल्यावर डोळस माणसं दर पाच मिनिटांनी शेजारच्याला विचारत होती, "ए, हे कुठल्या बटनात आहे?" ते प्रशिक्षण होतं. मिस लिमनी विचारलं ती मदत होती.

मिस्टर टॅन उठले. "सॉरी, मिस लिम. पुढच्या शुक्रवारी अहवाल देतो."

मी त्या संध्याकाळी पत्र लिहायला घेतलं. पत्र कसलं, पत्रकच ते. निष्काळजी, माणूसघाणी, चित्रांच्या नादानं माणसं विसरलेली कंपनी. मागण्या एक ते सहा. आणि तेव्हा मला आठवलं की हा प्रोग्रॅम जिथे झाला तिथे आपला विनय काम करतो. विनय पुण्याचा, सिंगापुरातल्या गणपतीच्या आरतीला ओळख झालेला. टाळ वाजवताना मान डोलावणारा, गोड बोलणारा. रविवारी सकाळी मी त्याच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर धडकले. पत्र बरोबर घेतलं होतं.

त्याच्या बायकोनं पोहे दिले. त्यांची लहान मुलगी ताट ढकलत होती, "डोन्ट वाँट, ला." मी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "विमा कंपनीच्या त्या प्रोग्रॅमचा पडदा कोणी केला?"

विनय खूष झाला. "मीच! बघितलास? छान झालाय ना? आयकॉन्सवर महिना घालवला."

"महिना घालवलास आणि एकालाही नाव दिलं नाहीस?"

"म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. आवाज चढला असणार, कारण त्याच्या बायकोनं मुलीला उचलून आत नेलं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "अगं, पण ते स्पेकमध्ये नव्हतं."

स्पेक म्हणजे ग्राहकानं काय काय हवं आहे त्याची लेखी यादी. प्रोग्रॅमर त्या यादीबाहेर बोट हलवत नाही.

"एक ओळ, विनय. प्रत्येक बटनाला एक ओळ! जिन्याला कठडा लावायलासुद्धा तुला लेखी लागतो का?"

"भडकू नकोस. मला काय माहीत तिथे कोणी अंध आहे म्हणून? दाखव तरी, कुठे अडलं?"

मी सांगितलं : फ्लॉपीचं चित्र, त्याला मी नाव दिलं होतं, चाचणीत ते नाहीसं झालं. तुमच्या प्रोग्रॅमनं ऐन वेळी क्रमांक बदलला. पत्रात मी हेच लिहिलं होतं.

विनयनं पोह्याचा घास खाली ठेवला. "थांब. फॉर्म रिकामा होता तेव्हा नाव दिलंस?"

"सरावाच्या प्रतीत. तिच्यात काही भरताच येत नव्हतं."

"मग ते करडं बटन होतं. फॉर्म भरेपर्यंत सेव्ह करडं असतं, दाबता येत नाही. भरलं की रंगीत होतं. दोन वेगळी चित्रं आहेत ती. तू एकालाच नाव दिलंस."

करडी फ्लॉपी आणि निळी फ्लॉपी, माझ्या डोळ्यांनी दोन्ही एकच म्हणून सोडून दिल्या होत्या. डोळ्यांना असं चालतं. मशीनला चालत नाही, ते ठिपके मोजतं. ही चूक फक्त बघू शकणारं माणूसच करू शकतं. मिस लिमनी कधीच केली नसती. त्यांनी तर सांगितलं होतं, शेवटपर्यंत करून बघू या.

"नावं घालून दे," मी शेवटी म्हटलं. "तुझ्याकडून घालून दे."

"एक तासाचं काम आहे," विनय म्हणाला. "पण विमा कंपनीकडून लेखी मागणी हवी. चेंज रिक्वेस्ट. त्याशिवाय मी हात लावला तर माझी नोकरी जाईल."

जाताना त्याच्या बायकोनं डब्यात पोहे बांधून दिले. मी घेतले. इतकं भांडूनही घेतले, कारण नाही म्हणायला माझ्याकडे आता तोंड नव्हतं.

सोमवारी आमच्या मालकानं माझं म्हणणं ऐकलं आणि हात जोडले. ते तमिळ, तिथेच जन्मलेले. "लिहून टाक, प्रोग्रॅमचा दोष. खोटं नाहीच ते, ला. नावं त्यांनी दिली नाहीत ना? आपली चूक लिहिलीस तर उद्या कोण बोलवेल आपल्याला? आणि तुझा पास माझ्या सहीवर आहे, विसरू नको."

ते खोटं नव्हतं, हेच तर वाईट होतं. नव्वद टक्के खरं होतं. पण उरलेली ओळ खोटी होती, आणि मला पिंपरीचं घर आठवलं. मी लिहिलं : रंगीत बटनाला नाव देण्याचं काम माझं होतं, ते मी केलं नाही, मिस लिम यांनी खरी नोंद करून बघण्याचा आग्रह धरला होता, तो मी मोडून काढला. चाचणीतलं अपयश त्यांचं नाही.

आधी मिस लिमना वाचून दाखवलं, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. त्या कोपीचा, म्हणजे तिथल्या कॉफीचा, कप दोन्ही हातांत धरून ऐकत होत्या.

"मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू म्हणालीस, दिसतंय मला."

"हो."

मग मी विचारलं, "तुम्हाला त्या वेळी कळलं होतं का, की एकशे बारा म्हणजेच सेव्ह?"

"कळणारच. त्याच जागेवर होतं."

"मग दाबलं का नाही?"

"तूच सांगितलंस, नाव नसेल तर हात लावायचा नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि समजा ते 'डिलीट' निघालं असतं. तू चुकलीस तर चूक होते. मी चुकले तर मी आंधळी होते. दाबायचं की नाही हे मी कसं ठरवणार?"

त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तसं काही झालं नाही.

मिस्टर टॅननी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे मिस लिम नापास झाल्या नाहीत. तुम्ही झालात."

"हो."

"हे लेखी आहे."

"तुमच्या हातात आहे."

त्यांनी फाईल उघडली, पत्र लावलं, आणि बघते तर त्यांचा चेहरा मोकळा झाला. कागद मिळाला होता ना! "मग पहिली चाचणी धरता येणार नाही. या आठवड्यात पुन्हा घेऊ. रोज दुपारी एक तास खरा प्रोग्रॅम वापरा."

मी धीर करून दुसरा कागद पुढे केला. चेंज रिक्वेस्ट. एक सही. विनय तासाभरात सगळ्या चित्रांना नावं घालेल आणि पुन्हा कोणावर ही वेळ येणार नाही.

त्यांनी तो वाचला आणि परत दिला. "एका माणसासाठी?"

मी म्हटलं, "सर, लिफ्टसुद्धा एकेका माणसासाठीच थांबते."

"मिस, तुमचं स्वतःचं काम आधी पुरं करा."

ते वाक्य मी स्वतःच त्यांना लिहून दिलं होतं. स्वतःची चूक कबूल केली की समोरच्याची चूक बिनबोभाट सुटते, हे वडिलांनी मला सांगितलं नव्हतं. तरी पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी तेच लिहीन. फक्त दुसरा कागद आधी पुढे करीन.

या वेळी बारसं मिस लिमनी करवून घेतलं. प्रत्येक चित्राला त्या विचारायच्या, "हे दाबल्यावर कसं होतं? भरल्यावर कसं होतं? चूक झाल्यावर?" चौसष्टांची यादी दीडशेच्या पुढे गेली. ती त्यांनी स्वतः ब्रेलमध्ये टोचून ठेवली. गुरुवारी दहा फोन आले. दहाच्या दहा नोंदी झाल्या. शेवटच्या फोनवरची मुलगी सोंग विसरून "शाबास" म्हणाली. मिस्टर टॅननी बेरीज तपासली, सही केली आणि म्हणाले, "पडदा मात्र चालू ठेवत जा."

ते वळले. खट आवाज आला. पडदा बंद.

इथे थांबले असते तर संपादकांना हवा तसा गोड शेवट झाला असता. पण दीड वर्षानं त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. चित्रं अधिक सुंदर झाली होती. म्हणजे सगळे ठिपके बदलले, आमची सगळी नावं पुसली गेली. या वेळी चाचणीचं पत्र नव्हतं. मिस्टर टॅननी एवढंच कळवलं होतं, सोमवारपासून जुनी आवृत्ती बंद. शुक्रवारी दुपारी मी मिस लिमशेजारी खुर्ची ओढून बसले. मलाही ऐकू यावं म्हणून इयरफोन काढून त्यांनी मशीन चालू केलं.

ग्राफिक एक. ग्राफिक दोन. ग्राफिक तीन. सेव्ह. ग्राफिक पाच.

दोघी दचकलो. त्यांनी पुन्हा मागे जाऊन ऐकलं. सेव्ह. आम्ही तर अजून एकही नाव दिलं नव्हतं. फॉर्ममध्ये एक अक्षर भरून बघितलं, बटन रंगीत झालं. तरीही सेव्ह.

मी त्यांच्याच टेबलावरून विनयला फोन लावला. "एका बटनाला नाव आहे."

पलीकडून हळू आवाजात, "हं. कोणाला बोलू नकोस."

"बाकीच्यांचं काय?"

"स्पेकमध्ये नव्हतं गं. ते एक मी घुसवलं. तपासणाऱ्याच्या लक्षात आलं नाही." आणि मग, "चाललं का?"

"चाललं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मला भरून यायला हवं होतं. मला संताप आला. विनयचा नव्हे. एका बाईला आपलं काम करता यावं म्हणून भल्या माणसाला चोरासारखं एक नाव आत सरकवावं लागतं, आणि वर नोकरी जाईल म्हणून जीव मुठीत धरावा लागतो, त्या व्यवस्थेचा. तुमच्या घरात आता एखादा तरी मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरच्या नोकरीत असेल. दिवाळीला घरी येईल. फराळ पुढे ठेवाल तेव्हा विचारा, "बटनांना नावं देतोस ना?" स्पेकमध्ये नव्हतं म्हणाला तर ताट उचला. मी मनापासून सांगते आहे, उचला.

"कोण होतं?" मिस लिमनी विचारलं.

"ज्यानं हा पडदा केला तो. सेव्हचं नाव त्यानं चोरून घातलंय."

"एकच?"

"एकच."

त्यांनी इयरफोन कानात नीट बसवला आणि ड्रॉवरमधून कोरा जाड कागद काढला, ब्रेल टोचायचा.

"उरली किती?"

मी पडद्यावर मोजली. "एकाहत्तर."

"करडी धरून?"

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. करडी मोजलीच नव्हती.

"बघ," मिस लिम म्हणाल्या, "परत नुसतं बघून मोजलंस. सरक इकडे, मिस पुणे. आधी करडी."